आधी तपकिरी, मग हिरवा: नव्या समुद्री टँकमधलं शेवाळ

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रात्री दिवा बंद केला तेव्हा माशांच्या टँकमधली वाळू पांढरी होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आलो तर तिच्यावर कुणीतरी चहा पावडर भुरभुरल्यासारखं दिसत होतं. दोन दिवसांत ती भुरभुर दगडांवर चढली, चौथ्या दिवशी पुढच्या काचेवर आली. आईने जेवता जेवता टँककडे बघितलं आणि विचारलं, "एवढे पैसे घालून हे असंच दिसायचं होतं का रे?"

हो, असंच दिसायचं असतं. फक्त ते आधी कुणी सांगत नाही. दुकानात आपण जो टँक बघून भुलतो तो दोन-तीन वर्षं मुरलेला असतो. आपण मात्र घरी नवे दगड, नवी वाळू आणि नवं पाणी एकत्र करतो आणि महिनाभरात तसंच दिसेल म्हणून वाट बघत बसतो. खाऱ्या पाण्याचा टँक लावणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या सहा-आठ महिन्यांत या रंगांमधून जातो. आधी तपकिरी, मग हिरवा, मधेच कुठेतरी लालजांभळा. यातलं बरंचसं आपोआप जातं. जे जात नाही ते बहुतेक वेळा आपणच घाई करून ओढवून घेतलेलं असतं. मी ते ओढवून घेतलं होतं, त्याचीही हकीकत पुढे येईलच.

माझा टँक तीन फुटी आहे. दगड-वाळूची जागा वजा केली तर १६० लिटर पाणी. डोंबिवलीतला फ्लॅट, दोन क्लाउनफिश, एक गोबी. प्रवाळ नाहीत, ते का नाहीत तेही सांगतो.

रिकामी जागा

कोकणात कातळावर मृगाचे चार पाऊस पडले की काय होतं ते आठवा. आधी कातळ नुसताच बुळबुळीत होतो, दिसत काहीच नाही पण पाय घसरतो. मग त्यावर हिरवट थर धरतो. त्या थरात माती अडकते, गवत रुजतं, आणि श्रावणात तिथे इवलीइवली फुलं दिसायला लागतात. पहिला आलेला बुळबुळीत थर कुणी खरवडून काढत नाही. नंतरचे आले की तो आपोआप मागे पडतो.

टँकमध्ये हेच होतं. खऱ्या प्रवाळ खडकावर बोटभर जागा मोकळी सापडत नाही. स्पंज, किडे, जिवाणूंचे थर, गुलाबी कोरलाइन शेवाळ, सगळ्यांनी जागा अडवलेली असते. नव्या टँकमधला दगड मात्र कोराच्या कोरा. प्रकाश आहे, खाणं आहे, आणि जागेसाठी भांडणारं कुणी नाही. अशा वेळी जो सर्वांत झपाट्याने वाढतो तो आधी येऊन बसतो, आणि झपाट्याने वाढण्यात साध्या शेवाळाचा हात धरणारं कुणी नाही. कोरलाइन शेवाळाला त्याच जागेवर पसरायला महिनेच्या महिने लागतात.

पूर्वी या छंदात समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' वापरायचे. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत दगडांच्या जोरावर टँक चालवण्याची पद्धत मांडली, आणि पुढे ती जगभर पसरली. त्या दगडावर सगळी वस्ती आधीच नांदत असते, त्यामुळे शेवाळाला एवढं मोकळं रान मिळत नाही. आपल्याकडे तो रस्ता धरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. इथल्या समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड "एकदम ओरिजिनल आहे साहेब" म्हणून कुणी पुढे केला तर हात जोडून निघावं. मी कारखान्यात बनवलेला कोरडा दगड घेतला आणि प्रवाळांच्या भानगडीत पडलोच नाही. याची किंमत एकच: आपला कातळ इतरांपेक्षा जास्त कोरा असतो, त्यामुळे घाणेरडे दिसण्याचे दिवसही जास्त.

खाणं कुठून येतं

शेवाळाला तीन गोष्टी पुरतात: प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट. नायट्रेटची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांच्यापासून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. 'सायकल झाली' असं आपण म्हणतो ते याच्याबद्दल. पण सायकल झाली म्हणजे टँक तयार झाला असं नाही. विषारी अमोनिया आता टिकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नायट्रेट साठायला त्याच दिवसापासून सुरुवात होते.

फॉस्फेटचा हिशेब मात्र कुणी करत नाही. तो एकदा कागदावर करून बघा. कोरड्या खाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस धरू. एक ग्रॅम खाद्य म्हणजे १० मिलिग्रॅम फॉस्फरस. फॉस्फेटच्या रूपात तेच ३० मिलिग्रॅम भरतं. १६० लिटरमध्ये ते सगळं विरघळलं तर दर लिटरला ०.१९ मिलिग्रॅम झालं. टँकमध्ये फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या आसपास असावं असं धरतात. म्हणजे एका ग्रॅमच्या चिमटीत आपण मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट माल आत टाकतो. त्यातलं काही माशाच्या अंगी लागतं, काही स्किमर नावाचं यंत्र फेसाबरोबर बाहेर काढतं, काही दगडात मुरतं. तरी दोन क्लाउनफिश आणि एका गोबीला रोज एक ग्रॅम खाणं म्हणजे लग्नाची पंगत झाली. माझ्या घरी आई सकाळी, मी संध्याकाळी, आणि सुट्टीत आलेली भाची मधल्या वेळी, असं तीनदा व्हायचं. आता आठवड्याचं खाणं औषधाच्या सात कप्प्यांच्या डबीत मोजून ठेवतो. ज्याला घालायचं त्याने त्या दिवसाच्या कप्प्यातलंच घालायचं.

दगडात मुरतं म्हणालो, त्यावर थोडं थांबायला हवं. कॅल्शियम कार्बोनेटचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतो. कुणाच्या बंद पडलेल्या टँकमधला जुना दगड स्वस्तात मिळाला की आपण खूश होतो, पण त्या दगडाने आधीच्या मालकाची चार वर्षांची उधारी पोटात ठेवलेली असते. असा दगड घ्यायचाच असेल तर झाकलेल्या ड्रममध्ये खाऱ्या पाण्यात, अंधारात, छोटा पंप लावून काही आठवडे ठेवा. मधूनमधून फॉस्फेट तपासा, पाणी बदला, आणि आकडा चढायचा थांबला की मगच टँकमध्ये घ्या.

इथेच टेस्ट किट फसवते. दगडांवर हिरवी लव माजलेली आणि किट म्हणते नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मग माणूस म्हणतो, खाणंच नाही तर हे वाढतंय कशावर? अहो, खाणं आहे, फक्त ते पाण्यात टिकत नाही. येतं तसं शेवाळ फस्त करतं. जेवण झाल्यावर पातेलं रिकामं दिसलं म्हणून स्वयंपाकच झाला नव्हता असं आपण म्हणत नाही.

पाणी: घरचा प्युरिफायर का चालत नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. "घरात आरओ आहे, मग वेगळा कशाला?" कारण पिण्याच्या पाण्याचा आरओ माणसांसाठी केलेला असतो. पाणी बेचव लागू नये म्हणून बऱ्याच मशीनमध्ये थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात किंवा क्षारांची कांडी बसवतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेऊन मी आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी मोजलं तर ६५ आलं. प्यायला उत्तम. टँकसाठी मात्र ते शून्यावर हवं, आणि त्यासाठी आरओ मेम्ब्रेननंतर उरलेले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनचा एक टप्पा लागतो.

आपल्याकडे याचं आणखी एक कारण आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टवर बसलाय. तो झिजतो तेव्हा पाण्यात सिलिका उतरते, आणि तपकिरी भुरभुर घालणाऱ्या डायटमना नेमकी सिलिकाच लागते. त्यात गंमत अशी की विरघळलेल्या सिलिकावर विद्युतभार जवळजवळ नसतो, त्यामुळे टीडीएस मीटरला ती दिसतच नाही. डीआय रेझिन ती पकडतं, पण सैल हाताने. रेझिन संपत आलं की पहिली सिलिकाच सुटून येते, मीटर अजून शून्य दाखवत असतानाच. म्हणून सहा महिन्यांनी अचानक वाळू पुन्हा तपकिरी झाली तर आधी रेझिन बघा. रंग बदलणारं रेझिन मिळतं, अर्ध्याहून जास्त रंग बदलला की मी ते बदलतो.

"समुद्र इतका जवळ आहे, तिथलंच पाणी आणलं तर?" मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी सांडपाण्यामुळे शेवाळासाठी तयार खतच आहे. त्यात पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो. बाजारातलं मीठ लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम घालून पाणी करावं, हे सरळ. बाष्पीभवनाने पातळी खाली गेली की भर गोड्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या नाही. पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं.

रंगावरून ओळख

आता एकेक पाहुणा. ओळख पक्की झाल्याशिवाय कुठलीही बाटली उघडायची नाही, कारण एकाचा उपाय दुसऱ्याचा खुराक ठरतो.

तपकिरी पावडर, दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात: डायटम. एकपेशीय जीव, प्रत्येकाला काचेचं कवच असतं, म्हणून सिलिका लागते. मोठी सिरिंज घेऊन त्यावर पाण्याचा झोत मारा, धुरळ्यासारखे उडतात. काचेवरून बोटाने निघतात. यांच्यासाठी काहीही करायचं नाही. वाळूतली आणि पाण्यातली सिलिका संपली की दोन-चार आठवड्यांत जातात. मी दर दोन दिवसांनी वाळू ढवळत होतो. फायदा काही झाला नाही, पाणी मात्र सतत गढूळ.

काचेवरचा हिरवा थर: हा कायमचा. चुंबकाच्या ब्रशने आठवड्यातून दोनदा पुसायचा. ज्या टँकची काच कधीच हिरवी होत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

हिरवे केस: हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतात आणि इथे खरी मेहनत आहे. सुरुवातीला दगडावर हिरवी लव दिसते, बरीही वाटते. पंधरा दिवसांनी ती प्रवाहात डुलायला लागते आणि तीत कचरा अडकायला लागतो, म्हणजे खाणं पायाशीच साठलं. यावर माझ्या अनुभवात हातांइतकं चांगलं औषध नाही. लांब केस चिमटीत धरून ओढायचे. आखूडांसाठी एक जुगाड: जुना टूथब्रश बारीक सायफन नळीच्या तोंडाशी केबल टायने बांधायचा, ब्रशचे केस नळीच्या भोकासमोर येतील असा. घासलं की सुटलेले तुकडे त्याच क्षणी नळीतून बाहेर. नुसतं घासलं तर ते तुकडे टँकभर फिरतात आणि दहा ठिकाणी नवी वस्ती करतात. नळीचं दुसरं टोक समपात (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) लावलेल्या फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळणीच्या पिशवीत, सोडलं तर पाणी परत जातं आणि तासभर काम करता येतं. नळी तोंडाने ओढू नका, कधीच. पिचकारीचा फुगा लावून ओढा.

दगड सुटा निघत असेल तर आणखी सोपं. खाऱ्या पाण्याच्या बादलीवर धरून घासा, हट्टी जागेवर केमिस्टकडचं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, काही मिनिटं थांबा, खाऱ्या पाण्यात खळखळून परत ठेवा. दोन दिवसांत तिथलं शेवाळ पांढरं पडतं.

केस फर्नच्या पानासारखे, मधे दांडी आणि दोन्ही बाजूंना पिसं असे दिसले तर ते ब्रायोप्सिस. गोगलगायी त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे लहान असतानाच दगडासकट बाहेर काढलेलं बरं. हिरव्या काचेच्या मण्यांसारखं काही दिसलं तर ते व्हॅलोनिया. तो अख्खा मणी म्हणजे एकच पेशी आहे, यावर माझा कितीतरी दिवस विश्वास बसला नव्हता. तो न फोडता मुळाशी नख घालून सोडवायचा.

लालजांभळी साय: वाळूवर मखमलीसारखी चादर, तिच्यावर बुडबुडे, आणि उचलली तर सायीसारखी सलग निघते. हे शेवाळ नव्हेच. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली ती यांच्या पूर्वजांमुळे, तेव्हा रागावताना जरा आदर ठेवावा. पाण्याचा प्रवाह मंद असतो अशा कोपऱ्यात हे बसतात. नळीने ओढून घ्या आणि वेव्हमेकरचं (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड तिकडे वळवा. बऱ्याचदा एवढंच पुरतं. दुकानात यावर मिळणारी काही पावडर प्रतिजैविकं असतात. साय दोन दिवसांत जाते खरी, पण मेलेला माल सडताना ऑक्सिजन खातो. कारण दूर झालं नसेल तर महिन्याने ती परतही येते. वापरायचीच वेळ आली तर एअर पंप चालू ठेवा.

माझी चूक

पाचव्या महिन्यात दगडांवर हिरवे केस होते आणि फॉस्फेट ०.१५. तसं बघितलं तर काहीच नाही. खाणं थोडं कमी करून, दर रविवारी नळी-ब्रश घेऊन बसलो असतो तर दोन महिन्यांत आटोक्यात आलं असतं. पण पाहुणे यायचे होते. मी फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे आणले, सांगितलेल्या मात्रेच्या दुप्पट भरले, माशांना एक दिवसाआड खाणं सुरू केलं आणि आठवड्यातून दोनदा पाणी बदललं. बारा दिवसांत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. केस फिके पडले. मी खूश होऊन फोटो काढले.

त्यानंतरच्या आठवड्यात दगडांवर तपकिरी चिकट तंतू दिसायला लागले, शेंबडासारखे, प्रत्येकाच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री गायब, दुपारपर्यंत पुन्हा हजर. मला वाटलं डायटम परत आले. म्हणून आणखी पाणी बदललं. तंतू वाढले. मग गोगलगायी काचेवरून गळायला लागल्या, उलट्या पडून तशाच राहायला लागल्या. अकरापैकी नऊ मेल्या.

भाचीच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला साधा मायक्रोस्कोप घरात पडून होता. तंतूचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन ४०० पटीत बघितला. थेंबाच्या आकाराचे तपकिरी जीव, एका टोकाने जणू खुंटीला बांधलेले, आणि घाण्याच्या बैलासारखे गोल गोल फिरत होते. डायटम असे फिरत नाहीत. हे डायनोफ्लॅजेलेट होते, त्यातला ऑस्ट्रिऑप्सिस. याच्या काही जाती विष तयार करतात, गोगलगायी बहुधा त्यानेच गेल्या.

नेमकं काय झालं होतं? शेवाळ आणि जिवाणू या दोघांनाही नायट्रेट-फॉस्फेट लागतं. मी ते शून्यावर आणल्यावर जागा अडवून बसलेले सगळे उपाशी मेले आणि कातळ पुन्हा कोरा झाला. डायनो मात्र उपासमारीत तग धरतात. इतरांना पकडून खाणारेही त्यांच्यात आहेत. मी तण काढायला गेलो आणि तणनाशक मारून अख्खं शेतच त्यांच्या नावावर करून दिलं.

त्यामुळे उपाय सगळा उलटा. लोहाचे दाणे काढून टाकले. पाणी बदलणं थांबवलं. माशांना रोज खाणं. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान राहावं म्हणून दोन्ही चक्क विकत आणून घातले. शेवाळ घालवायला पैसे खर्च केले होते, आता ते यावं म्हणून खर्च करत होतो. तीन दिवस टँकला काळं कापड गुंडाळून पूर्ण अंधार केला, आणि ऑस्ट्रिऑप्सिस रात्री दगड सोडून पाण्यात तरंगतो म्हणून यूव्ही दिवा लावला. वाळूत राहणारे अ‍ॅम्फिडिनियम जातीचे डायनो असते तर यूव्हीचा उपयोग झाला नसता, म्हणून ओळख महत्त्वाची. आत हात घालताना रबरी मोजे घातले. सात आठवडे लागले. सहाव्या आठवड्यात दगडाच्या एका कडेला हिरवी लव दिसली तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवली होती.

मायक्रोस्कोप नसेल तर एक साधी परीक्षा आहे. तंतूंसकट थोडं टँकचं पाणी बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. चहाची गाळणी चालणार नाही. गाळलेलं स्वच्छ दिसणारं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. त्यात पुन्हा तंतू जुळून आले तर डायनो असण्याची दाट शक्यता. तसं झालं तर पाणी बदलण्याचा मोह आवरा.

दिवा आणि गोगलगायी

प्रवाळ नसतील तर माशांना मोठा दिवा लागत नाही. सायकल चालू असताना, म्हणजे पहिले चार-सहा आठवडे, दिवा लावायचीच गरज नाही. जिवाणूंना अंधार चालतो. पुढे रोज पाच-सहा तास पुरेत, संध्याकाळी आपण घरी असतो तेव्हाचे. टायमर लावा. आणि टँक खिडकीसमोर ठेवू नका. मार्च-एप्रिलमधली पश्चिमेची दोन तासांची तिरीप कुठल्याही दिव्यापेक्षा भारी पडते, शिवाय पाणी तापतं ते वेगळं.

गोगलगायींची कल्पना जुनी आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५० च्या सुमारास गोड्या पाण्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती श्वासाची सोय करेल हे त्याचं गणित बरोबर होतं, पण पानं सडू लागली आणि भांडं हिरव्या बुळबुळीने भरलं. त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी सोडल्या आणि भांडं निवळलं. घरातल्या मत्स्यालयाची सुरुवात जिथून धरतात तिथेच शेवाळाची तक्रार आहे.

टँकसाठी टर्बो, ट्रोकस, सेरिथ, नेराइट अशा गोगलगायी मिळतात. मोठ्या टर्बो आणि ट्रोकसच्या काही जाती वर सांगितलेल्या कायद्याखालीच संरक्षित आहेत, तेव्हा जात विचारून घ्या आणि दुकानदाराला सांगता आली नाही तर घेऊ नका. भरमसाट आणू नका. सुरुवातीला चार-पाच, शेवाळ उरतंय असं दिसलं तर आणखी दोन. खाणं संपलं की त्या उपाशी मरतात आणि मेलेली गोगलगाय हा पुन्हा फॉस्फेटचा गोळा. त्यांना टँकमध्ये सोडताना नळीने थेंबथेंब पाणी घालत तासभर सवय करून द्या, खारटपणातला फरक त्यांना सोसत नाही. माशांसाठी तांब्याचं औषध वापरलेला टँक त्यांना कायमचा वर्ज्य. नेराइटला भरतीच्या रेषेवर कोरड्यात बसायची सवय असते, त्यामुळे ती टँक चढून बाहेर पडते. आमच्याकडे एक बाबांच्या चपलेत सापडली, जिवंत.

शेवाळ खाईल म्हणून टँग जातीचा मासा तीन फुटी टँकमध्ये आणू नका. त्याला पोहायला जागा लागते, आणि तो जेवढं शेवाळ खातो त्याचं खत करून परत पाण्यातच सोडतो.

आठव्या महिन्यात पॉवरहेडच्या, म्हणजे टँकमधल्या पंपाच्या, काळ्या प्लास्टिकवर गुलाबी ठिपका दिसला, मसुरीच्या डाळीएवढा. एखाद्या गोगलगायीच्या शंखावरून आला असणार. आता दीड वर्षाने मागची काच निम्मी गुलाबी-जांभळी आहे. हेच ते कोरलाइन, आणि जिथे ते बसतं तिथे हिरव्या केसांना पाय रोवायला फारशी जागा उरत नाही. मागच्या आणि बाजूच्या काचांना मी हात लावत नाही. पुढच्या काचेवर मात्र ते काढावंच लागतं, आणि ते ब्रशला दाद देत नाही. मुदत संपलेलं एटीएम कार्ड तिरकं धरून खरवडायचं.